औषधाच्या कार्डाला मी लावलेलं कुलूप

लॉरेटा फोनवर गप्प झाली तेव्हा मला वाटलं, ती भारावून गेली आहे.

म्हणून मी आणखी जोमाने बोलायला लागलो. कॉन्फरन्स रूममध्ये मी आणि माझी बॉस कॅरल, दोघंच होतो. टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन. समोरच्या पडद्यावर माझी स्लाइड, तीच लॉरेटालाही ईमेलने पाठवलेली. शीर्षक मीच दिलं होतं: ‘रोखलेले गैरवापर’. खाली लाल रंगाचे उभे खांब. त्यातला एक खांब इतका उंच होता की स्लाइडच्या वरच्या कडेला टेकला होता. त्याच्या पायाशी लिहिलं होतं, ‘किराणा दुकान’.

“थोडक्यात,” मी फोनकडे झुकून म्हणालो, “आमच्या सिस्टिमने पहिल्याच पंधरवड्यात तुमच्या लोकांना औषधांच्या पैशातून बटाटे आणि बिअर घेण्यापासून वाचवलं आहे.”

मग लॉरेटाचा शांत आवाज आला. “संजय, त्या उंच खांबात मंगळवार सकाळचे व्यवहार आहेत का?”

मी म्हणालो, आहेत की, मंगळवारी तर बरेच आहेत.

“त्यातली एक मी आहे,” ती म्हणाली. “नवऱ्याचं इन्सुलिन घेत होते.”

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी थोडी माहिती द्यावी लागेल. ती कंटाळवाणी आहे. मी लवकर उरकतो.

अमेरिकेत नोकरदार माणसाचा आरोग्य विमा बहुतेक वेळा कंपनीमार्फत असतो. त्यात एक प्रकार असा, की दरमहाचा हप्ता कमी, पण वर्षातला पहिला बराचसा खर्च तुम्ही स्वतःच्या खिशातून करायचा. विमा कंपनी त्यानंतर जागी होते. हा खिसा भरायला सोपं जावं म्हणून सरकारने एक खास खातं काढलं. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, बोलताना एचएसए. पगारातले थोडे पैसे त्यात जातात, त्यावर टॅक्स नाही. डॉक्टर, दात, चष्मा, औषधं यावर खर्च केले तर तेव्हाही टॅक्स नाही. वर्षाच्या शेवटी उरले तर तुमचेच, पुढे वापरा. मात्र हेच पैसे दुसऱ्या कशावर उडवले, तर टॅक्स भरायचा आणि वर दंडही.

मी ज्या कंपनीत प्रोग्रामर होतो ती छोट्या-छोट्या कंपन्यांसाठी ही खाती सांभाळायची. साल दोन हजार पाच. गाव चँडलर, फिनिक्सला चिकटलेलं. गावातली बाकी मराठी मंडळी चिप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये होती. गणपतीत भेटली की ती आमची ओळख ‘हे विम्याचं काहीतरी करतात’ अशी करून द्यायची. एचएसए तेव्हा अगदी नवीन होतं. लोकांना पैसे वापरायला सोपं जावं म्हणून आम्ही खात्याला कार्ड जोडायचं ठरवलं. बँकेच्या कार्डासारखंच. दुकानात घासलं की पैसे थेट एचएसएमधून जाणार.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. इथून पुढचं माझं.

कायदा सरळ होता. खातं त्या माणसाचं, जबाबदारीही त्या माणसाची. पावत्या जपून ठेवा, सरकारने विचारलं तर दाखवा. बस. हे वाचून मी अस्वस्थ झालो. सरकार टॅक्स सोडतं आणि दारावर कोणालाच बसवत नाही? मी ज्या जगात वाढलो तिथे शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही असल्याशिवाय मी जन्मलो हेसुद्धा कोणी मान्य करत नसे. मी कॅरलला सुचवलं, आपण कार्डाला कुलूप लावू. औषधपाण्याच्या जागी चालेल, बाकी सगळीकडे बंद. क्लायंट खूश होतील. कॅरलला कल्पना आवडली. म्हणाली, कर.

कुलूप कसं लावायचं ते सांगतो. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला एक चार आकडी कोड असतो. दुकानात मुख्यतः काय विकतात त्यावरून तो ठरतो. दंतवैद्याचा वेगळा, पेट्रोल पंपाचा वेगळा. कार्ड घासलं की मशीन आमच्या सिस्टिमला विचारतं: अमुक कोडचं दुकान आहे, इतके पैसे हवेत, देऊ का? आमचा प्रोग्रॅम यादी बघतो आणि पापणी लवायच्या आत हो किंवा नाही म्हणतो. यादी बनवणं हे माझ्या टीमचं काम. टीम म्हणजे तिघं. मी पुण्याचा, नितीन उमरेडकर नागपूरचा, आणि टेस्टिंग करणारी मंजिरी डोंबिवलीची.

यादी आम्ही एका मीटिंगमध्ये उरकली. दवाखाना, दंतवैद्य, चष्मेवाला, लॅब, रुग्णवाहिका. मग मी विचारलं, लोक औषधं कुठे घेतात?

“मेडिकलमध्ये,” नितीन म्हणाला. मंजिरीने मान हलवली. मी लिहिलं: फार्मसी. झालं.

“किराण्याचं काय?” नितीनने जाता जाता विचारलं.

“कशाला? हिंगाला?” मी म्हणालो. तिघंही हसलो आणि जेवायला गेलो.

मंजिरीने टेस्टिंग मात्र अगदी कसून केलं. पिझ्झा: नाकारला. चपला: नाकारल्या. सिनेमा: नाकारला. देवळाला देणगी: नाकारली, हे तिने जरा जड मनाने पास केलं. दंतवैद्य: मंजूर. सगळं हिरवं.

पहिला क्लायंट होता शेजारच्या मेसा गावातली, शाळेच्या पिवळ्या बस चालवणारी एक कंपनी. शेकडो ड्रायव्हर. त्यांची बेनिफिट्स मॅनेजर, म्हणजे लोकांच्या विम्याचं, रजेचं, पेन्शनचं बघणारी, ती लॉरेटा. नवीन वर्षापासून तिने ड्रायव्हरांना समजावून, मागे लागून ही योजना घ्यायला लावली होती. कार्ड महिनाभर वापरून बघायचं आणि महिनाअखेर ठरवायचं, ठेवायचं की नाही, असा करार होता. त्यांनी नको म्हटलं तर आमचा कार्डाचा प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे माझं पद बंद. आणि त्या पदाच्या जोरावर कंपनीने माझ्या ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज केला होता. पद गेलं की अर्ज गेला. पुन्हा दुसरी नोकरी, पुन्हा पहिल्या पायरीपासून. घरी माझी बायको वृषाली नर्सरीत जाऊन लिंबाची झाडं बघून आली होती आणि ग्रीन कार्ड झाल्यावर परसात कुठलं लावायचं यावर विचार करत होती.

तर अशा नाजूक वेळी मी रिपोर्ट काढला. कार्ड नाकारलं गेल्याचे खूप प्रसंग दिसले. त्यातले बहुतेक किराणा दुकानांत. दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. मला आनंद झाला. बघा, म्हटलं, कुलूप नसतं तर काय झालं असतं. आणि मी स्लाइड केली. खांबांना लाल रंग दिला. पुरेसा लाल वाटेना म्हणून गडद केला.

आता परत त्या फोनकडे.

लॉरेटाने आवाज चढवला नाही. तिने फक्त सांगितलं की काउंटरवर तिचं कार्ड नाही म्हणालं तेव्हा मागे रांगेत तिचेच दोन ड्रायव्हर उभे होते. ज्यांच्या मागे लागून तिने ही योजना घ्यायला लावली, तेच दोघे. तिने आपल्या पर्समधून पैसे भरले. इन्सुलिन स्वस्त नसतं. त्या दोघांनीही मग कार्ड बाहेर काढलंच नाही.

“महिनाअखेर ठरवायचं होतं ना,” ती म्हणाली, “माझं आजच बरंचसं ठरलंय.” आणि फोन ठेवला.

कॅरल ओरडणारी बाई नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्यावरच्या लाल खांबांकडे बघत राहिली. मी माझी बाजू मांडली. म्हटलं, सिस्टिम बरोबरच चालली आहे, दुकानाचा कोड किराण्याचा होता. मुळात ही बाई इन्सुलिन घ्यायला किराणा दुकानात कशाला गेली?

कॅरलने खुर्ची माझ्याकडे वळवली. “संजय, तू अमेरिकेत किती वर्षं आहेस?”

“चार.”

“औषधं कुठून घेतोस?”

“पुण्याहून,” मी म्हणालो.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दर भारतवारीत एक बॅग औषधांचीच असते. तापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, सर्दीच्या, खोकल्याचं औषध दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ओव्याचा अर्क, डोक्याला लावायचा बाम. वृषालीची मावशी सांगलीला डॉक्टर आहे. अंग दुखलं की तिला फोन लावायचा. ती लक्षणं ऐकते, हवापाणी विचारते, मग म्हणते, ती पांढरी गोळी आहे ना, दोनदा घे, जेवणानंतर. कपाटातून पांढरी गोळी काढायची. चार वर्षांत अमेरिकेतल्या कुठल्याही औषधाच्या काउंटरवर उभं राहायची वेळच आली नव्हती.

कॅरलने नितीन आणि मंजिरीला बोलावून तोच प्रश्न विचारला. मंजिरी म्हणाली, माझी औषधं सासूबाई पाठवतात, नाशिकहून. नितीन आपल्या जागेवर गेला आणि खालचा अख्खा ड्रॉवरच काढून घेऊन आला. मजल्यावरच्या भारतीय लोकांचा तो दवाखानाच होता. कॅरलने त्यातली एक स्ट्रिप उचलून उजेडात धरली, उलटसुलट बघितली आणि परत ठेवली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “अमेरिकेत लोकांनी औषधं कुठे घ्यायची, याचे नियम ज्या तिघांनी लिहिले, त्यांच्यापैकी एकानेही अमेरिकेत औषध घेतलेलं नाही.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिच्या वाक्यात दुरुस्ती करायला जागा नव्हती. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसणं थांबल्यावर मला म्हणाली, उद्या सकाळी लॉरेटाकडे जा. लॅपटॉप नेऊ नकोस.

बाहेर येताच नितीन मराठीत पुटपुटला, “तरी मी म्हटलं होतं बे, किराण्याचं काय म्हणून.”

“तू गमतीत म्हटलं होतंस.”

“गमतीत का होईना. मीटिंगच्या मिनिट्समध्ये काहून नाही लिहिलं?”

दुसऱ्या दिवशी मी मेसाला बस डेपोत गेलो. लॉरेटा साठीची, केस बारीक कापलेले, अंगात ड्रायव्हरांचं नारिंगी जाकीट. ऑफिसात यायच्या आधी तिने स्वतः बरीच वर्षं बस चालवली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, ते नंतर, आधी चल. मला आपल्या पिकअप ट्रकमध्ये बसवलं आणि सुपरमार्केटला नेलं.

आमच्या घराजवळ ज्या साखळीचं दुकान आहे, त्याच साखळीचं हे. आतली मांडणीही तीच. मी दर शनिवारी अशाच दुकानातून दूध, कांदे, कोथिंबीर घेतो. लॉरेटा फळांच्या पुढे गेली, ब्रेडच्या पुढे गेली आणि मागच्या भिंतीपाशी थांबली. तिथे एक उंच काउंटर होता. त्याच्या मागे पांढरा कोट घातलेला एक माणूस. त्याच्या डोक्यावर भली मोठी पाटी: फार्मसी.

तो कोटवाला मी चार वर्षं बघत होतो. मला वाटायचं, तो चीज कापून देतो.

लॉरेटाला हे मी सांगितलं नाही. तिने मला तिथे बाजूला उभं केलं आणि म्हणाली, बघत राहा. मी बघत राहिलो. एक बाई भाजीची गाडी ढकलत आली, औषधाची पिशवी घेतली, गाडीत कोबीशेजारी ठेवली आणि पुढे गेली. एक म्हातारे गृहस्थ हातात दुधाचा कॅन घेऊन आले. एक आई मांडीएवढ्या पोराला खोकल्याचं औषध दाखवत होती आणि पोरगं चॉकलेट दाखवत होतं. लॉरेटाने समजावलं की तिचे ड्रायव्हर सकाळची फेरी संपवून इथेच येतात. गाडी लावायला जागा आहे, औषध मिळतं, त्याच खेपेत घरचं सामान होतं. डेपोच्या आसपास वेगळं औषधाचं दुकान म्हणाल तर ते कुठे आहे हे तिलाही आठवून सांगावं लागेल.

आता सगळं उघड झालं. छप्पर एक, दुकान एक, म्हणून कोडही एक. किराण्याचा. काउंटरवर इन्सुलिन असो की बटाटे, आमच्या प्रोग्रॅमला फक्त किराणा दिसत होता आणि तो इमानदारीत नाही म्हणत होता.

परतताना ट्रकमध्ये बसल्याबसल्या मी उपाय सांगायला सुरुवात केली. माणूस चुकला की तो दुप्पट हुशार होतो. मी म्हणालो, किराण्याचा कोड उघडू, पण अटी घालू. ठरावीक रकमेच्या वरच मंजूर, कारण औषधं महाग असतात. एका दिवशी एकदाच. पूर्ण आकड्याची रक्कम आली तर संशय घ्यायचा. आणि महिन्यातून एकदा लोकांनी पावत्या फॅक्स करायच्या, त्या मंजिरी तपासेल. बोलता बोलता मला ते इतकं पटत गेलं की मी हातवारे करायला लागलो.

लॉरेटा सिग्नलला थांबली.

“मी रोज सकाळी या माणसांच्या हातात एकेक बसभर पोरं देते,” ती म्हणाली. “दुसऱ्यांची. आणि तुझा त्यांच्यावर बटाट्यांपुरताही विश्वास नाही?”

सिग्नल हिरवा झाला. मला गॅझेटेड ऑफिसरची गोष्ट सांगावीशी वाटली, पण तिला ती कळली नसती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही कळत नव्हती.

पुढे ती म्हणाली, कोणी बिअर घेतलीच तर तो टॅक्स भरेल, दंड भरेल. तो मोठा माणूस आहे. पण औषधाच्या काउंटरवर माझ्या माणसाला कोणी चोर ठरवलेलं मला चालणार नाही. कार्ड राहील की जाईल, ते एवढ्यावरच आहे.

ऑफिसला येऊन मी कॅरलच्या दारात उभा राहिलो. तिने विचारलं, “कायद्यात असं कुलूप आहे?”

“नाही.”

“मग आलं कुठून?”

“माझ्याकडून.”

“काढ,” ती म्हणाली आणि आपल्या ईमेलकडे वळली.

लावायला महिने लागलेलं कुलूप काढायला एक सकाळ पुरली. त्या कुलपाइतका सुबक प्रोग्रॅम मी आधी कधी लिहिला नव्हता. नितीनने विचारलं, आठवण म्हणून प्रिंट काढून ठेवू का? मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो कॉफी आणायला गेला. मंजिरीला सगळं टेस्टिंग उलटं करावं लागलं. तिने मला हाक मारली. “संजय, पिझ्झा पास होतोय. हे बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मनाला पटत नाहीये.”

“माझ्याही नाही. पास कर.”

कुलपाच्या जागी आम्ही साधी गोष्ट केली. दर महिन्याच्या हिशेबाबरोबर चार ओळी: पैसे कशावर चालतात, कशावर नाही, पावत्या जपा, आणि चुकून भलतीकडे कार्ड घासलं गेलं तर ते पैसे खात्यात परत कसे भरायचे. हे सगळं मी लॉरेटाला फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता हेच माझ्या ड्रायव्हरांना समोर येऊन सांग. तू. कॅरल नाही.

सकाळच्या फेऱ्या सुटायच्या आधी मी डेपोत पोचलो. ड्रायव्हरांच्या खोलीत कॉफीचा वास, डोनटचे खोके आणि जाकिटं घातलेले पन्नासेक स्त्री-पुरुष. भिंतीवर नोटीस बोर्ड. बोर्डावर माझी स्लाइड. लॉरेटाने ती रंगीत छापून लावली होती. सगळ्यात उंच लाल खांबाच्या टोकावर कोणीतरी पेनाने एक बटाटा काढला होता. चांगला काढला होता, डोळे वगैरे.

मी सुरुवातीलाच सांगितलं की बोर्डावरचा कागद माझा आहे, बटाटा सोडून, आणि तो संपूर्ण चुकीचा आहे. औषधं किराणा दुकानात मिळतात हे मला माहीत नव्हतं. खोलीत कुजबुज झाली. हे त्यांना माझ्या चुकीपेक्षाही आश्चर्याचं वाटलं असावं. पुढच्या रांगेतले वॉल्टर नावाचे उंच, पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हर उभे राहिले.

“तरुण मित्रा,” ते म्हणाले, “बिअर मी माझ्या पैशाने घेतो.”

“यस सर,” मी म्हणालो.

“एवढंच सांगायचं होतं,” म्हणून ते बसले. खोली हसली.

मग प्रश्न सुरू झाले आणि मी जन्मात पहिल्यांदा, ज्यांच्यासाठी सिस्टिम लिहिली त्या माणसांशी बोललो. चष्मा चालतो का? चालतो. कवळी? चालते. टूथपेस्ट? नाही. बायकोचा विमा तिच्या कंपनीकडून आहे, तिची औषधं माझ्या कार्डावर? चालतात, बायकोचा खर्च चालतो. कुत्र्याचं औषध? नाही. तो घरचाच आहे. असू दे, सरकार मानत नाही. मागून एका बाईने विचारलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कार्ड नाही म्हणालं म्हणून आम्ही खिशातून भरलं, ते गेलं का? मी म्हणालो, गेलं नाही. खातं तेव्हा उघडलेलं होतं. औषधाची पावती असेल तर तेवढे पैसे खात्यातून स्वतःला काढून घ्या. पावती मात्र हवी.

मी हे बोललो आणि खिशांचा आवाज झाला. पाकिटं, पर्स, जाकिटांचे आतले खिसे. ज्यांनी ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्याकडे पावत्या होत्या, घडी घालून ठेवलेल्या. ते पावत्या ठेवतील असं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना मात्र मी न सांगताच कळलं होतं.

सभा संपली, बस एकेक करून बाहेर पडल्या. लॉरेटाने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, इन्सुलिनची पुढची बाटली आजच न्यायची आहे. पुन्हा तोच ट्रक, तीच फळं, ब्रेड, मागची भिंत. तिने कार्ड घासलं. मी मशीनकडे बघणं टाळलं आणि पाटीकडे बघत राहिलो. पावती टरटर बाहेर आली. लॉरेटाने ती घडी करून पाकिटात ठेवली, मी बघतोय याची खात्री करून. मी त्या पांढऱ्या कोटवाल्याला नमस्कार केला. त्याला काही कळलं नाही. चार वर्षांचा राहिलेला होता तो.

महिनाअखेर लॉरेटाचा ईमेल आला. दोनच वाक्यं: “आम्ही कार्ड ठेवतोय. यापुढे स्लाइड पाठवू नये.” कॅरलने तो मला फॉरवर्ड केला, वर काहीही न लिहिता. प्रोजेक्ट राहिला, पद राहिलं, अर्ज पुढच्या टेबलावर सरकला. ग्रीन कार्ड हातात यायला पुढे कितीतरी वर्षं लागली, पण त्यात बटाट्यांचा काही संबंध नव्हता. वृषालीने वाट न बघता लिंबू लावून टाकलं.

आता मी निवृत्तीला टेकलो आहे. नवीन प्रोग्रामर टीममध्ये आले की त्यांना एकच सांगतो: नियम लिहायच्या आधी, ज्या रांगेत तो नियम लागू होणार आहे तिथे जाऊन अर्धा तास उभे राहा. काही करू नका, नुसते उभे राहा. मुलं हुशार आहेत. ती मान डोलावतात, आणि मग आपल्या जागेवर बसून ती रांग इंटरनेटवर शोधतात.